आवाजावरून ओळखणारा

उस्ताद, माझ्या या कानाची खरी किंमत काय पडली, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. डोणगावच्या तुमच्या पत्र्याच्या दुकानात उन्हाळेच्या उन्हाळे बिनपगारी, नुसत्या चहावर काढले. एक मोटर माझ्या हातून जळाली, तर तिचं तारेचं वाइंडिंग तुम्ही मला पुन्हा पुन्हा सोडायला लावलं आणि पुन्हा पुन्हा भरायला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटरच्या अंगाला आणि मूठ आपल्या कानापुढच्या हाडाला लावून ऐकायचं, हे तुम्ही शिकवलं. ऐकता ऐकता त्या हाडावर घट्टा पडला, तो अजून आहे. न्हावी दर वेळी विचारतो, हे काय झालं म्हणून. वर तुमच्या शिव्या. त्याही धरल्या तर कान फारच महागात पडला.

परवा त्याच कानाचा सत्कार झाला. मेहकरला मोटर-पंपवाल्यांचा मेळावा होता. शाल, नारळ, काचेची फ्रेम, सगळं यथासांग. सूत्रसंचालन करणारे मास्तर म्हणाले, "मोटर न उघडता, नुसत्या आवाजावरून रोग ओळखणारा माणूस!" मग माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आयुष्यात काय कमावलं ते दोन शब्दांत सांगा. आता मी दोन शब्दांत थांबणारा माणूस आहे का? दुकानाचं सांगितलं, स्लॅबच्या घराचं सांगितलं, पोरगा एजन्सी सांभाळतो ते सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "दुसरबीडपासून अमडापूरपर्यंत कोणाच्याबी विहिरीवर न्या मले, डोळे बांधून न्या. लांब धुऱ्यावरूनच सांगतो बेअरिंग गेलं का बुश गेला. जो मले समजला नाही, असा आवाज अजून पैदा नाही झाला!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

तुम्ही असता तर टाळी वाजवली नसती, हे मला तिथंच आठवलं. पहिल्यांदा मी आवाज ओळखला तो दिवस. संत्र्याच्या बागेतली विहीर, मोटर आत घरघरतेय, मी वर आलेल्या पाइपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून कानाला लावतो आणि उडीच मारतो. "उस्ताद, बेअरिंग!" तुम्ही बांधावर बसून बिडी ओढताय. उठतही नाही. "हाव, बेअरिंग. मंग? नाचू का बे मी? पहचाना तो क्या हुआ, पानी गिरा क्या?" दिवस मावळेपर्यंत आपण ती मोटर वर ओढली, उघडली, बसवली, परत सोडली. बागेच्या पार टोकाला पाइपातून पाणी पडलं तेव्हा तुम्ही त्याच्याखाली हात धरला, ओला हात दाढीवरून फिरवला, आणि मगच पाने-पकडी पिशवीत भरल्या. नुसतं ओळखणं तुमच्या लेखी कामात धरलंच जात नव्हतं. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, म्हाताऱ्याला दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो ते माझ्या बायकोमुळे. तुम्ही तिला बेटी म्हणायचे. डब्यातला तिचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचे आणि वर म्हणायचे, "बेटीले सांग, उद्या थोडा कमी जीव घे." मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बुलडाण्याचे डॉक्टर म्हणतात, तिला सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. लिहिणंही गेलं. दिवसभर 'ता ता ता' करते. एकच गोष्ट सबंध बाहेर पडते, "आग लागो!" पहिल्यांदा ही शिवी पडली माझ्यावरच, मी तिच्या पांघरुणावर चहा सांडला म्हणून. घरात दिवाळी झाली, उस्ताद. सून हसता हसता रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, शिव्याशापांची वाट डोक्यात वेगळी असते, त्यावर आशा धरू नका.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी आरशापुढे नवा सदरा घालतोय, आणि ती खाटेवरून डाव्या हाताने माझी बाही धरते. काहीतरी म्हणते. ते नेहमीचं 'ता ता' नव्हतं. ते वाक्य होतं. सुरुवातीला वर चढलं, मधे थांबलं, शेवटाला हळू खाली उतरलं, आणि मग ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "काय म्हनून राह्यली व?" मी विचारलं. तिने परत म्हटलं, जसंच्या तसं. मग मला जे येतं ते मी केलं. मोटर बंद पडली की आपण आधी वायर पाहतो, मग स्टार्टर, मग कपॅसिटर, तसं एकेक विचारत गेलो. पाणी? मान हलवली, नाही. पंखा? नाही. मी जाऊ नको? नाही. तुले यायचं हाय संगं? नाही. सून आली, "आई, गोळी राह्यली काय?" तेही नाही. बाहेर पोरगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. "बाबा, तुमी जा, मी पाह्यतो आईकडं," सून म्हणाली. बायकोने आपणच बाही सोडली. "आग लागो," म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. तिचं हसू सगळ्यांत आधी थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी खाटेवर तिच्या मागे बसलो आणि तिच्या पाठीला कान लावला. हसू नका. श्वास ऐकू आला, छातीची धडधड ऐकू आली. म्हणालो, "बेअरिंग तं एकदम मस्त हाय तुयं." तिने डाव्या हाताने माझ्या टाळूवर एक टप्पल मारली. आणि मग तेच वाक्य म्हणाली. कान पाठीलाच होता, त्यामुळे आवाज हाडातून थेट आत आला. इतका स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नसेल. घ्यायचं काय त्यातून, ते कळेना.

तुम्ही तर कधीचे गेलात, हे पत्र टाकणार कुठं? म्हणून आज जेवणं झाल्यावर तिलाच वाचून दाखवलं. माझं भाषण आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, पूर्वी मी फुशारकी मारली की मिटायची तसे. माझं भाषण आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, पूर्वी मी फुशारकी मारली की मिटायची तसे. कागद घडी करून ठेवला, तर तिने बाही धरली आणि म्हणाली. तेच वाक्य. तोच चढ, तोच थांबा, तोच उतार. हजार आवाजांत मी ते ओळखेन. सुनेला हाक मारली, ती हात पुसत येऊन बसली. बायकोने आमच्यासाठी परत एकदा म्हटलं, या वेळी सावकाश, तोडून तोडून. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणालो, "हाव." बायकोने माझी सुटलेली गुंडी एका हाताने लावायला घेतली.

ती काय म्हणाली, ते मला समजलं नाही.