अण्णा, तुमच्या मानेचे अर्धेच फोटो

अण्णा,

आज एमआरआयच्या मशीनवर एक पेशंट सारखा हलत होता. मी त्याच्यावर ओरडले आणि मग निमूटपणे सगळं पहिल्यापासून केलं. तुमच्या वेळी एवढं कुणी केलं नाही, त्याचा राग अजून जात नाही.

पंच्याण्णव साली नगरला एमआरआय नव्हता, म्हणून केडगावहून मी तुम्हाला एसटीने पुण्याला नेलं. तुमच्या हातातून वस्तू पडायच्या, चालताना झोक जायचा. तुम्ही मशीनमध्ये आडवे झालात आणि ते ठोकायला लागलं. सुप्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं प्रेस चालवलेला माणूस. ठोका आला की उजवा पाय पेडल दाबायला खाली जायचा आणि मानेपर्यंत सगळं अंग हलायचं. "काका, हलू नका हो!" टेक्निशियन माइकवरून ओरडतोय, मी काचेआडून बघतेय, आणि तुम्ही बाहेर येऊन त्याला म्हणता, "मी न्हाई हलवत रं, त्यो आपसूक जातोय." दोनदा फोटो फिसकटले. बाहेर रांग होती, तो वैतागला. "झालेत तेवढे पुरे," म्हणाला.

पुरे नव्हते! आता हेच माझं काम आहे. मशीन अंगातल्या पाण्याला आणि चरबीला धक्का देतं आणि त्याचं उत्तर ऐकतं. पुढचा धक्का लवकर दिला, उत्तरही लगेच ऐकलं, की चरबी पांढरी आणि पाणी काळं येतं. मणके सुबक दिसतात, पण मज्जारज्जूतली सूज, म्हणजे तिथे साचलेलं पाणी, सहज लपून जाते. दोन्ही वेळा जास्त थांबलं की तीच सूज पांढरीफटक उठून दिसते. मान तीच, फरक फक्त थांबण्याचा. पण तेव्हा त्याला फार वेळ लागायचा आणि तोवर माणूस निपचित पडायला हवा. तुमचे घाईचे फोटो झाले, थांबून घ्यायचे राहिले.

रिपोर्टमध्ये 'विशेष काही नाही' आलं. "काई न्हाई म्हनत्यात, मग हुतंय काय तुमाला?" आई चिडली. सुपरवायझर म्हणाला, सोंग आहे. आणि तुम्हीही रिपोर्टवर विश्वास ठेवून पुन्हा प्रेसवर गेलात. दिवाळीपर्यंत पाय गेले. मग पुन्हा फोटो काढले, सूज लख्ख दिसली, पण तुम्ही खाटेवरून उठला नाहीत ते नाहीतच, तिथेच गेलात.

आमच्या डॉक्टरांना मी कुणा दुसऱ्याची गोष्ट म्हणून विचारलं: पहिल्यांदाच दिसलं असतं तर तो माणूस वाचला असता का? ते म्हणाले, सांगता येणार नाही. याआधी दोघांनी हेच सांगितलं होतं. हे पाठवायचं तरी कुठे, पण तुम्हाला म्हणून सांगते, मला 'हो' म्हणणारा डॉक्टर हवाय. अजून विचारत फिरते.