गाळलेली हवा

तार्तू, १२ नोव्हेंबर

चि. हाइनोस,
अ. उ. आ.

तुझ्या शेजारच्या लेइडाने फोन करून सांगितलं, की तुझा खोकला तिच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. डॉक्टरीणबाई काम थांबवा म्हणाल्या आणि तू म्हणे 'बघू' म्हणालास. बघू म्हणजे काय रे? आइमे गेल्यापासून तुझ्या कानीकपाळी ओरडायला बायको उरली नाही, म्हणून बहीण ओरडतेय. फोनवरच ओरडले असते, पण लाकूड कातायच्या लेथच्या घरघरीने तुझे कान गेले. तेव्हा कागदावर.

थंडीत सुतारशाळेची खिडकी उघडता येत नाही, कबूल. मग हवा गाळायची पेटी कर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तोइवोने केली आहे. चार चौकोनी फिल्टर भिंतींसारखे उभे करायचे, खाली पुठ्ठा, वर हवा बाहेर ओढणारा पंखा, फटी चिकटपट्टीने बंद. धूळ फिल्टरात अडकते. तुझ्या तर हातचा मळ. फिल्टर पोस्टाने धाडलेत.

लोभ आहे तेवढा पुरे, तो वाढवण्याऐवजी खोकला कमी कर.

तुझी विर्वेताई

लेइसी, २ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेइडाच्या तोंडाला कुलूप लावायला हवं. असो. पेटी झाली. हसू नकोस, पण पंखा उलटा बसवला होता. बटण दाबलं मात्र, वारा चारी बाजूंनी जमिनीवर सुटला आणि वर्षानुवर्षांचा जुनिपरच्या लाकडाचा भुसा आढ्याला जाऊन भिडला. शनिवारी वाफेची सौना तापवून आंघोळ केली तेव्हा कुठे माणसात आलो! आता पंखा सरळ आहे. खोकला आहे, पण झोप लागते.

खरं सांगू? काम काहीच नाही. पर्यटक ऑगस्टमध्येच गेले, लोण्याच्या लाकडी सुऱ्यांनी फडताळ भरलंय. तरी सकाळी उठून सुऱ्याच करतो, कारण घरात करमत नाही. आइमे खिडकीशी बसून सुऱ्यांना तेल लावायची. फार एकटं वाटतं, ताई.

नाताळला ये. आल्यावर माझ्याजवळ सुतारशाळेत बस. दम्यामुळे तुला कधी तिथे बसता आलं नाही. नुसत्या माझ्या खोकल्यासाठी मी एवढी खटपट केली असती का?

लोभ करतेसच, या खेपेला इथे येऊन कर.

तुझा हाइनो

तार्तू, ९ डिसेंबर

चि. हाइनोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून खूप रडले. मी इथे मजेत आहे असं लिहीत आले, ते सगळं खोटं. दिवसभर रेडिओशी बोलते. काल त्याला मेल्या गप्प बस म्हणाले, आणि तो बंद केल्यावर घर खायला उठलं.

पण मला भीती वाटते रे. मागे उन्हाळ्यात यानिपाएवच्या सणाला तुझ्या सुतारशाळेच्या दारात नुसती उभी राहिले, तर श्वास कोंडला आणि अँब्युलन्स बोलवावी लागली. आता भर थंडीत, वाऱ्याने तुमच्या बेटाची फेरीबोट अडली तर काय करू? पेटी झाली तरी लेथ लावलास की धूळ उडणारच. तू तिकडे काम करणार, मी घरात भिंतींकडे बघत बसणार. तेवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडू? इथे निदान भिंती माझ्या आहेत.

नाही येत. रागावू नकोस, लोभ तुटू देऊ नकोस.

तुझी ताई

लेइसी, १६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

रागावलो नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी लेथचा पट्टा काढून ठेवला. तुळया, भिंती, बाक ओल्या फडक्याने पुसले. पुसलेलं फडकं आता पांढरंच राहतं. पेटी मात्र रात्रंदिवस चालू आहे. लेइडा विचारत होती, काम बंद, मग पंखा कशाला? म्हटलं, बहीण यायची आहे. येते म्हणाली का, असं तिने विचारलं. नाही म्हणाली, हेही सांगितलं. मग ती घरी गेली आणि थोड्या वेळाने पाव घेऊन आली.

दिवसभर काय करतोस, असं तू विचारशील. तिथे जाऊन बसतो. हवा छान आहे, पण एकट्याला फार वेळ बसवत नाही.

लोभ आहेच. ये.

हाइनो