हात कुठून जायचा

चाचा,

काल ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची ओळख करून द्यायला त्या कंपनीचा माणूस आला होता. आमचं रियाधचं ऑफिस आज पाहिलंत तर तुम्हाला ओळखू येणार नाही. लेडीज सेक्शनची भिंत पाडली, मागच्या गल्लीतलं आमचं वेगळं दार विटांनी बुजवलं, आता बायका-पुरुष एकाच हॉलमध्ये बसतात. मी मेट्रोने येते. तर त्या माणसाने पडद्यावर आमच्या यान्बूच्या प्लांटचं मॉडेल उघडलं आणि एक बटण दाबलं, त्यासरशी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एक पारदर्शक माणूस येऊन उभा राहिला. त्याला नाकडोळे नाहीत. तो हात पुढे करतो, आणि हात चाकापर्यंत पोचत नसेल तर सगळाच्या सगळा लाल होतो. मनगट वळायला जागा आहे का, पाना बसतो का, तोंड वाफेच्या वाटेत येतं का, सगळं तो आपणहून तपासतो. आतापर्यंत यंत्र फक्त पाइपला पाइप आपटतो का तेवढं सांगायचं, यापुढे मोकळ्या जागेतलंही सांगेल, असं कंपनीचा माणूस म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या सौदी मुलीने मला एक प्रश्न विचारला. ही माझ्या हाताखाली शिकली आणि आता माझ्यापेक्षा हुशार झाली आहे. तिला मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. त्याआधी तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

मी तुमचा चेहरा फार कमी पाहिला. तुम्ही बाहेरच्या हॉलमध्ये, मी भिंतीच्या अलीकडे, आणि मध्ये जेवणाचा ट्रे जाईल एवढी सरकत्या फळीची खिडकी. प्लांटच्या पाइपांची ड्रॉइंगं त्या खिडकीतून जायची आणि यायची. तुम्ही पेन्सिलीने दोनदा टकटक करायचात, मी फळी सरकवायचे, आणि तुमचा हात आत यायचा. फिरोजा खड्याची चांदीची अंगठी, करंगळीचं जाड नख, बोटांना लागलेली लाल पेन्सिल. बोलणं फोनवर. माझं पहिलं ड्रॉइंग परत आलं तेव्हा कागदावर कोरी जागा उरली नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी, पंधरा वर्षं पोळ्या लाटून झाल्यावर मी पुन्हा नोकरीला लागले होते. फोन वाजला आणि तुम्ही म्हणालात, "ही लाईन काढलीस की रांगोळी?" मग तुम्हीच म्हणालात, "पण अक्षर बरं आहे गो. कुठं शिकलीस?" मी म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये. "मग मार खाल्लेला दिसतोय." खाल्ला होता. सिस्टर पट्टीच्या कडेने बोटांवर मारायच्या, 'जी'चं शेपूट ओळीखाली वाकडं गेलं तर एक, खोटं बोललं तर तीन. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बुरैदाच्या खजुरांचा डबा आला, आणि त्याखाली तेच ड्रॉइंग, पुन्हा लाल.

त्या चार-पाच वर्षांतले दिवस मला अजून वासासकट आठवतात. दुपारच्या नमाजाला हॉल रिकामा व्हायचा तेव्हा भिंतीपलीकडची शांतता, प्लॉटरच्या गरम कागदाचा वास, आणि तुमची तपासायची पद्धत. प्रत्येक आकडा, प्रत्येक बाण पाहून झाला की त्यावर पिवळा मार्कर. चुकलं तिथे लाल. दुरुस्ती झाली की त्या लालवर मी पिवळं करायचं. सगळा कागद पिवळा झाला की कोपऱ्यातल्या चौकटीत, 'तपासणार' या शब्दासमोर, तुमची दोन अक्षरं. सव्वीस वर्षं ती चौकट तुमची होती. सरकारने कंपन्यांना रंग द्यायला सुरुवात केली, किती सौदी माणसं कामावर आहेत त्यावर हिरवा, पिवळा, लाल, आणि आपलं ऑफिस पिवळ्यात गेलं, तेव्हा तुम्ही फोनवर हसला होतात. "आपल्यात पिवळं म्हणजे पास, बाय. ह्यांच्यात पिवळं म्हणजे बोऱ्याबिस्तर."

आणि तो शुक्रवार. माझा नवरा तेव्हा सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. त्याने तुम्हाला जेवायला बोलावलं, आणि तुम्ही बथ्याच्या बाजारातल्या खोलीवरून हातात सुरमई घेऊन आलात. "तुम्हा घाटावरच्यांना मासा कळत नाय," म्हणून ओट्याचा ताबाच घेतलात. आमसुलं तुम्ही खिशातून कागदाच्या पुडीत आणली होती. शेजारच्या शेगडीवर माझा भाताचा कुकर. मी शिट्टी काढायला हात पुढे केला तर तुम्ही माझं मनगट धरलंत. तेवढा एकदाच तो हात मला लागला. "थांब. हात कुठून जातोय बघ. वाफ कुठं येणार? तोंड कुठं आहे तुझं?" कुकरचं हँडल तुम्ही भिंतीकडे फिरवलंत, मला एक पाऊल डावीकडे उभं केलंत, आणि म्हणालात, "आता काढ. व्हॉल्व्ह असाच लावायचा असतो. कागदावर सगळं मावतं गो. माणूस मावतो का ते कोण बघणार?" माझी मुलगी दारात उभी होती. "अंकल, इज इट लाइक अ बॉम्ब?" तुम्ही तिला हसून काहीतरी सांगितलंत. ती गेल्यावर मला सांगितलंत की यान्बूला पहिल्या वर्षी तुम्ही काढलेल्या वाफेच्या एका लाईनवरचा व्हॉल्व्ह खांबाआड गेला होता, आणि तो उघडताना एका फिटरचा गाल आणि एक डोळा भाजला. तुमच्याहून लहान होता. हॉस्पिटलात तुम्ही त्याला भेटायला गेलात तेव्हा त्याने तुमचे आभार मानले, कारण ड्रॉइंग कोणाचं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. "बायकोलाही बोललो नाय कधी. आज तुला बोललो." मग आपण जेवलो. रस्सा आंबट झाला होता आणि मी दोनदा घेतला.

पुढच्या वर्षी मुदीरने, आपल्या त्या मॅनेजरने, मला फोनवर सांगितलं की ड्रॉइंग विभागात यापुढे एकच परदेशी माणूस ठेवता येईल. तुम्ही किंवा मी. नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मॉडेल बांधलं की ड्रॉइंगं ते स्वतःच काढायचं, मापं घालायचं, पाइपाच्या जोडाला चुकीचा फ्लॅंज बसूच द्यायचं नाही, आणि कुठे काय आपटतं त्याची यादी हातात द्यायचं. मग तपासणारा कशाला, असा मुदीरचा प्रश्न होता. त्याने मला एक परीक्षा काढायला सांगितली. यान्बूच्या खऱ्या मॉडेलमध्ये मी वीस चुका पेरायच्या. तेच मॉडेल यंत्राने तपासायचं, त्याचेच कागद तुम्ही तपासायचे, आणि मी निकाल लिहायचा.

हे तुम्हाला ठाऊक होतं. वीस चुका मी पेरणार हेही ठाऊक होतं. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "सोप्या घालू नकोस. माझी लाज जाईल." मग म्हणालात, "गावाला जाऊन मी काय करू, बाय? बायको गेली. मुलांना मी दर दोन वर्षांनी दोन महिने दिसलो. तिथं मला ओळखतंय कोण?" मी म्हटलं, "असं बोलू नका चाचा." आणि फोन ठेवून मी चुका निवडायला बसले. तुम्हाला मोतीबिंदू झाला होता, डाव्या डोळ्याने बारीक आकडे दिसत नव्हते, हे मला खिडकीतून येणाऱ्या कागदांवरून वर्षभर कळत होतं. मी बारीक आकड्यांच्या चुका घातल्या. गॅस्केटची जाडी. तीन मिलिमीटरचा फरक. आठाचा तीन. यंत्राला डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. माझ्या नवऱ्याची नोकरी शाबूत होती, घर चाललं असतं. मला ती खुर्ची हवी होती. सकाळी पर्स घेऊन घराबाहेर पडायला हवं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

यंत्राने वीसच्या वीस चुका चार मिनिटांत काढल्या. तुम्ही दोन दिवस घेतलेत आणि सतरा काढल्यात. सतरा, चाचा, त्या डोळ्यांनी. कागद मुदीरकडे गेले, त्याने माझ्या यादीशी तुमच्या लाल खुणा जुळवल्या आणि एक खूण जास्त निघाली. तिथे इंग्रजीत काही नव्हतं, देवनागरीत होतं. त्याने तो नववा कागद खिडकीतून आत पाठवला आणि फोन लावला. "हे तुमच्या भाषेत काय लिहिलंय?"

तुम्ही लिहिलं होतं: बाय, हात कुठून जायचा? तुझा कुकर आठव.

तो वाफेच्या लाईनवरचा व्हॉल्व्ह होता. खांब आणि शेजारचा पाइप यांच्या बेचक्यात त्याचं चाक. कशालाच काही आपटत नव्हतं, म्हणून यंत्राला तो दिसला नाही. ही चूक मी पेरलेली नव्हती. मूळ कामातली होती, माझीच, चार महिन्यांपूर्वीची. तुम्ही ती इंग्रजीत लिहिली असतीत तर माझी चूक मुदीरसमोर आली असती. म्हणून तुम्ही ती फक्त मला वाचता येईल अशी लिहिलीत. परीक्षा तुमची आणि झाकलंत मला.

फोन माझ्या कानाशी होता. मी म्हटलं, "सर, स्वयंपाकाचं काहीतरी आहे."

"स्वयंपाकाचं?"

"प्रेशर कुकरबद्दल."

तो हसला. खूप वेळ हसला, पलीकडे कोणालातरी अरबीत सांगितलं, तेही हसले. मग म्हणाला, "पण तिथे चूक आहे का काही?" मी म्हटलं, "माझ्या यादीत नाही, सर." तो म्हणाला, "खलास."

सिस्टरांची पट्टी मला त्या दिवशी एकदाही लागली नसती. मी एक शब्दसुद्धा खोटा बोलले नव्हते. निकालाच्या तक्त्यात चार रकाने होते. शेवटच्यात, 'चुकीचा आक्षेप' याखाली, मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: एक. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी मॉडेल उघडून तो व्हॉल्व्ह नव्वद अंशात फिरवला, जिन्यावर उभ्या माणसाच्या उजव्या हाताला येईल असा. काम मंजूर झालं. ती लाईन आज चालू आहे, कोणी भाजलेलं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणार' समोर माझी अक्षरं आहेत आणि 'तपासणार' समोर यंत्राचं नाव.

ऑफिसातल्या तुमच्या शेवटच्या दिवशी दोन टकटक झाल्या. मी फळी सरकवली. हातात लाल पेन्सिलींचा डबा होता, तो आत ठेवलात. या वेळी तुम्ही वाकून आत पाहिलंत. त्या शुक्रवारनंतर केस किती पांढरे झाले होते, ते मला माहीतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तीन सुटल्या, मान्य. डोळे गेले. पण एक चुकीची धरली म्हणतात मी. ती कुठली गो? सांग, तेवढीच शिकेन." मी म्हटलं, "बघून सांगते, चाचा." तुम्ही मान हलवलीत. "आरामात बघ." आणि मी फळी लावली. तुम्ही अजून तिथेच होतात, तरी लावली.

तुमच्याबरोबर राहणारे गाववाले आठ महिन्यांनी मला एका दुकानात भेटले. तुम्ही थोरल्याकडे होतात, रत्नागिरीला, मागच्या खोलीत. सुना चांगल्या होत्या, पण तुम्हाला वेळ जात नव्हता, वर्तमानपत्र पिवळं करत बसायचात, असं ते म्हणाले. आणि फोन वाजला की विचारायचात, रियाधचा आहे का. "ऑफिसातली बाई एक गोष्ट बघून सांगणार आहे," असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतंत. सून कंटाळून म्हणाली होती, अब्बा, कोणी नाही फोन करत. त्या गाववाल्यांनी मला विचारलं, "तुम्हाला माहिती काय, कोण बाई ती?" मी म्हटलं, नाही. त्या दिवशी तेवढं एक खोटं बोलले. तुमचा नंबर माझ्याकडे होता. तुम्ही वारलात त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते, त्याआधीचे आठ महिने तो होता.

ती चूक नव्हती, चाचा. नववा कागद. बघायला काही लागलं नसतं, खिडकीतच सांगता आलं असतं. तो कागद माझ्याकडे आहे. दुरुस्ती केव्हाच झाली, पण तुमच्या त्या लालवर पिवळं मी अजून केलेलं नाही, आणि ते तुमच्यासाठी राखून ठेवलंय असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले.

आता कालचं. ती मुलगी पडद्यावरच्या लाल माणसाकडे बघत मला म्हणाली, "हे नव्हतं तेव्हा तुम्हाला कसं कळायचं?" सगळे माझ्याकडे वळले, तो कंपनीचा माणूससुद्धा. मी म्हटलं, मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं, कुकरची शिट्टी काढताना. हँडल भिंतीकडे कसं फिरवायचं, एक पाऊल डावीकडे का उभं राहायचं, ते मी हात पुढे करून दाखवलं. सगळे हसले, मग ऐकू लागले. कंपनीच्या माणसाने विचारलं, हे मी पुढच्या ठिकाणी सांगू का, तुमचं नाव घेऊन? मी म्हटलं, सांगा.

यातही खोटं काही नव्हतं. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं, असं मी इथे लिहिणार होते. राहून गेलं नाही. ओठांवर आलं होतं.