मुंग्या सुखरूप आहेत

सांगली,
दवाखाना, खिडकीकडची खाट

ती. आक्का हिस धाकट्या बाहुबलीचा नमस्कार आणि जय जिनेंद्र. (पाया पडलो असं समज; सध्या कूसही दोघांनी धरल्याशिवाय वळत नाही.) तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझ्या पारसची पोरं बरी असतील. मी खुशाल आहे. भेटायला यायची अजिबात गरज नाही. फोन केला असता, पण तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडतो, मग माझी हकीकत सगळ्या वॉर्डाला कळते आणि तुलाच तेवढी कळत नाही.

घडलं ते असं. देवळाच्या पायरीवर मुंग्यांची रांग होती, ती वाचवायला पाय लांब टाकला आणि खुबा मोडला. मुंग्या सुखरूप आहेत. ऑपरेशन झालं, पण मी दमलो तो ऑपरेशनानं नव्हे, इथल्या प्रीतीनं. ही केस मॅनेजर. डॉक्टर नाही, नर्स नाही, पण चौकशी सोयरीक जुळवायला आल्यासारखी करते. आपल्या वेळी कंपाउंडर पुडी बांधून "दोनदा घ्या" म्हणायचा आणि पुढचं आपलं नशीब. ही विचारते, उंबरा किती उंच, संडास कसला, न्हाणीत धरायला काय आहे, भाकरी कोण करणार. हाडाचे डॉक्टर आणि साखरेचे डॉक्टर एकाच मजल्यावर बसतात, पण भेट कधी नाही. हिनं दोघांना माझ्या खाटेपाशी एकदम उभं केलं. (माझ्यापेक्षा तेच जास्त अवघडले होते.)

त्यात रात्रीची गोळी नऊला. माझं मावळतीनंतर पाणीसुद्धा बंद, हे तुला काय सांगायचं? नर्सपोरींना वाईट वाटू नये म्हणून मी गोळी गालात धरायचो, त्या वळल्या की रुमालात, आणि सकाळी दोन्ही वेळच्या एकदम. धर्म राहिला, औषधही पोटात गेलं, म्हणून मी खूश. मग चक्कर यायला लागली. रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला. शेवटी एका सकाळी प्रीती अवचित आली आणि माझ्या तळहातावर दोन गोळ्या बघून मटकन खुर्चीत बसली. तिनं डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ उजेडातली करून आणली, वर म्हणाली, "आवं अण्णा, आधी बोलला असता तर डोक्याचा फोटो तरी टळला असता!" मी म्हटलं, "असू दे. आत डोकं हाय एवढं तरी कळलं."

आता घरी सोडायची बोलणी चालू आहेत. सन्मती पुण्याहून आला आणि इथल्या विश्रामबागेत म्हाताऱ्यांना ठेवून घेतात ती जागा बापासाठी बघून गेला. स्वच्छ आहे म्हणे, टीव्ही मोठा आहे. आक्का, मला माझ्या घरी जायचंय गं. पण प्रीती म्हणते, घरात धरणारं माणूस असेल तरच गावी, नाहीतर विश्रामबाग. असो. तू काळजी करू नकोस.

तुझा,
बाहुबली

ता. क. – एक राहिलंच. तू माझ्याच घरात राहतेस असं मी प्रीतीला सांगितलंय. ती रोज विचारते, आक्का भेटायला का येत नाहीत? एकदा तू देवळात होतीस, एकदा म्हैस व्याली, काल पापड वाळत होते. आता मला काही सुचेना झालंय. तेव्हा लगेच ये आणि जन्मभर तिथंच राहिल्यासारखी वाग. तिखटाचा डबा कुठं असतो ते आल्यावर सांगतो.

ता. क. दुसरा – वरचं रद्द. मला उठता येत नाही म्हणून पत्र टाकायला प्रीतीकडंच दिलं. तिनं पत्ता वाचला. "अण्णा, घरातल्या आक्कांना फलटणला पत्र?" मी डोळे मिटून घोरायला लागलो. ती हलली नाही. "घोरणं पुरे. पाकीट फोडा आणि त्यांना सरळ विचारा. येणार का न्हाई, हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही न्हाई." तर विचारतो. आक्का, मला चालता येईपर्यंत येऊन राहशील? जमत नसेल तर मोकळेपणानं नाही म्हणून कळव, असं प्रीती म्हणते.

मी म्हणत नाही.