जलपर्णीतली बोट

३ मार्च
गेम बनवायचाच! मी काम करते त्या झेरॉक्सच्या दुकानातला लॅपटॉप दुपारी रिकामाच असतो, रात्री घरीही नेता येतो. नैरोबीच्या मैत्रिणीला, केरुबोला फोन लावला — ती तीन वर्षं हेच करते. मी सुरू केलं : आमचं अख्खं सरोवर, तीन देश, वीस बेटं, चाचे... ती हसत सुटली. "आवूर, एक बोट. एक किनारा. बास! तेवढं पुरं करून दाखव."
हिरमुसले.

५ मार्च
एक बोट, मध्ये जलपर्णी, पलीकडे आमच्या डुंगा गावचा किनारा. बोट म्हणजे नुसता चौकोन. चित्रं नंतर, आधी चालू दे, म्हणते केरुबो. चालत नाहीये.

९ मार्च
चालली!!

१० मार्च
बाबांना दाखवली. चाळीस वर्षं ह्याच पाण्यावर बोट चालवली त्यांनी. गुडघे गेल्यापासून खुर्चीत. चष्मा पुसून पाहिलं. "ही बोट आहे की साबणाची वडी?" मग म्हणाले, "वारा कुठंय?"
वारा नाही म्हटलं.
"मग बोट कशाला? चालतच जा की!"
इतकी चिडले की रात्रीची उगाली, मक्याच्या पिठाची उकड, करपवली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.
वारा घालतेय.

१७ मार्च
वारा घातला. आता बोट जमिनीवर चढते.

२२ मार्च
केरुबोचा नियम : दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड उघडायचं नाही. "उद्या घरोघर जाऊन समजावून सांगणार आहेस का?"
शेजारच्या मासळीवाल्या आकेयोमावशीला बसवलं. तिला जलपर्णी म्हणजे भाजीचा मळा वाटला! बोट मुद्दाम त्यातच घालत होती — भाजी तोडायला. मी ओठ दाबून बसले. बाबांना कुठलं राहवतंय? "डावीकडे! अगं, डावीकडे घे!"
"तुम्ही गप्प बसा हो, बोट माझी आहे!"
ती गेल्यावर जलपर्णीला जांभळी फुलं काढली. चूक मावशीची नव्हती.

३० मार्च
अजून तयार नाही, म्हटलं. केरुबो म्हणाली, "कधीच होत नसतो. इंटरनेटवर टाक!" ब्राउझरमध्येच चालेल असा ठेवायचा, डाउनलोडच्या भानगडीत लोक पडत नाहीत. वर एक चांगलं चित्र, दोन ओळी.
टाकला.

३१ मार्च
तिघांनी खेळला. त्यातली एक मी.

६ एप्रिल
घानातल्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलंय — "अकरा वेळा बुडलो, बाराव्यांदा पोचलो. वारा अगदी खरा आहे. कुणी शिकवला?"
बाबांना वाचून दाखवलं.
"परत वाच."
चार वेळा वाचलं. मग मी उत्तर लिहिलं : माझ्या वडिलांनी.

८ एप्रिल
दुकानातून आले तर बाबांनी एक कागद पुढे केला. पेन्सिलीने बोट काढलेली — माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. वल्ह्यापाशी एक बाई, डोक्याला फडकं.
"पुढच्या खेळात हिला घे," म्हणाले. "माझ्यापेक्षा सरस वल्हवायची."
आई जाऊन सात वर्षं झाली. तिच्याबद्दल ते आज पहिल्यांदा बोलले.