मागच्या खोलीचा हक्क

गेल्या वर्षी जूनमध्ये मालवणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दीपिकावहिनीने सही केली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. ते आधी लिहितो, मग बाकीचं.

मी सिद्धेश लवू हडकर, वय २०, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेलं, राहणार वरचीवाडी, ता. मालवण. डोकं गरम आहे, पण ठिकाणावर आहे. कोणी दारू पाजून लिहून घेतलेलं नाही. सैन्यात निवड झाली आहे, उद्या कुडाळहून गाडी. म्हणून हे मृत्युपत्र.

माझा मोठा भाऊ नायक प्रीतम हडकर मे महिन्यात सीमेवरच्या लढाईत चौकीवर गोळा पडून गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बाबांमागे घरचा कारभार बघणारे आमचे चुलते भाईकाका वहिनीला आणि मला कचेरीत घेऊन गेले. "वारसनोंदीचो कागद आसा," म्हणाले. साहेबांनी विचारलं, समजून सही करताय ना? वहिनीने माझ्याकडे बघितलं. "भावजी, वाचलात मा?"

मी कॉलेजातल्या संचिताला मेसेज करत होतो. "वाचलंय, वयनी. कर सही."

ते हक्कसोडपत्र होतं. दादाचा घरातला आणि काजूच्या बागेतला हिस्सा आईच्या नि माझ्या नावावर आला. गणपतीत काका वहिनीला म्हणाले, "तुझा आता हय काय आसा? माहेराक जा."

कलम १. दादाची पलटणीतून आलेली काळी पेटी आईची. तिने ती रोज उघडू नये, पण ती ऐकणार नाही.

कलम २. संचितास काही देत नाही. द्यायचं ते आधीच तिच्याकडे आहे, कॉलेजच्या वर्षासकट. तिचे वडील म्हणाले, "त्या घरात एक मोकळ्या कपाळाची आसा ती पुरे. माजा चेडू नको थंय." ती गप्प बसली. माझा मोबाइल न उघडता खाडीत टाकावा. न पाठवलेलं बरंच आहे.

कलम ३. माझा सगळा हिस्सा, आणि दादाने दोन सुट्ट्यांत स्वतः चिरे रचून बांधलेली मागची खोली, माझ्या मरणानंतर वहिनीस मिळावी.

कलम ४. भाईकाकांनी माझ्या तिरडीस हात लावू नये.

इथवर लिहून साक्षीला भिकाजीतात्यांना बोलावलं. ते निवृत्त पोस्टमन, दुसऱ्याचं वाचायची सवय. कलम तीनवर थांबले.

"म्हणजे डोक्यार छप्पर मिळाक वयनीन तुझ्या मरणाची वाट बघूची? शाणो मरे तू!"

मी भडकलो. "लढूक चाललंय मी, तात्यानू! चेष्टा करू नका."

"एक भाव मेलो, तेच्यान तिचा काय ऱ्हवला? देवचा तर जित्यापणी दी."

मी पेन परत उचललं.

कलम ५. कलम ३ रद्द. तो हिस्सा, मागच्या खोलीसकट, मी आजच बक्षीसपत्राने वहिनीच्या नावे करतो. कचेरीत आज काम झालं नाही, तर उद्याची गाडी माझ्याविना जाईल. नोकरी गेली तर गेली. आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जेवन जावा."

बाकी कलमं कायम.

लिहून देणार: सिद्धेश लवू हडकर
साक्षीदार: १. भिकाजी सखाराम मेस्त्री २. ओमकार भिकाजी मेस्त्री
वरचीवाडी, ता. मालवण, दि. १९ जानेवारी २०२६

सह्यांनंतर: वहिनी आधारकार्ड घेऊन अंगणात उभी आहे. माजघरातून काका विचारतायत, "खंय चाललास रे दोघा?" सांगणार नाही. पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि त्यांच्या तोंडावर दार ओढून घेतो.