कोलूच्या पायरीवरचं लढाऊ विमान

आत्या, तुझं विमान मी उघडलं. मुद्दाम नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. नवरात्र आलं, कोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची पेटी उतरवली, तुझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते तू सुटे भाग जोडून केलेलं तळहाताएवढं महायुद्धातलं विमान बाहेर काढलं, आणि वैमानिकाच्या जागेवरची पारदर्शक काच सुटून माझ्या मांडीवर पडली. पाहुण्या यायच्या आत सगळं मांडायचं होतं, म्हणून मी घरातला झटपट चिकटणारा गोंद लावला. त्याची वाफ आत कोंडते आणि काच दुधासारखी पांढरी होते, हे मला ठाऊक होतं. तू काचेला कायम साधा पांढरा गोंद लावायचीस आणि तो वाळेपर्यंत मला फुंकरही घालू द्यायची नाहीस. काच बघता बघता आंधळी झाली. आतून पुसायची तर ती पुन्हा काढणं भाग होतं.

शाळेत घालण्याआधी मला तूच शिकवलंस. गिंडी भागात मीटर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तू कामाला होतीस. तिथून आणलेल्या एका मोडक्या मीटरच्या तबकडीवर मी आकडे शिकले, त्यामुळे आकडे गोलच फिरतात असं मला कितीतरी दिवस वाटायचं. टी. नगरच्या घरात खिडकीशी तुझं टेबल. तू चिमट्यानं प्लास्टिकचा तुकडा धरतेस, कड पॉलिश पेपरच्या पट्टीवर घासतेस, उजेडाकडे धरून बघतेस, पुन्हा घासतेस. चाकं पोटात मिटतात त्या खोबणी रंगवायचं काम तू मला दिलं होतंस. मी एक रंगवली आणि दुसरी तशीच सोडून बाहुली घेऊन बसले. तू विमान उलटं करून पाहिलंस.

"ही कोण रंगवणार?"

"खालची आहे ना आत्या, कोण बघतंय?"

"तुला माहीत आहे ना? मग एकीनं तरी बघितलं." आणि ब्रश माझ्या हातात दिलास. ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी विसरले असते.

आता शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मी साधा ईमेलही तीनतीनदा वाचते. शेजारचा म्हणतो, "काय मॅडम, पाठवायला मुहूर्त बघताय?" मी हसते आणि चौथ्यांदा वाचते. हे सगळं त्या खोबणीपासून सुरू झालं असं मी मनाशी धरून बसले आहे. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामावर तू वाकून बघत असतेस.

तर ब्लेडचं टोक घालून मी काच अलगद सोडवली आणि टॉर्चनं आत पाहिलं. गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीतून कापलेले सीटचे पट्टे, सुईच्या टोकानं ठेवलेले तबकड्यांचे पांढरे ठिपके, डावी भिंत फिकट हिरवी, एकसारखी. आणि उजवी भिंत करडी, कोरी. दुकानातून आलं तसं नुसतं प्लास्टिक.

मला आनंद झाला, आत्या. अगदी उकळ्या फुटल्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचं काम बघा!" चुलतभावानं लगेच लिहिलं, "अय्यो, आत्या सापडली!" बाकीचे हसले. मग मी हिरवा रंग कालवला, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि ती भिंत रंगवून टाकली.

अप्पांनी, तुझ्या धाकट्या भावानं, फोटो उशिरा पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याजवळ येऊन बसले.

"हे तूच करायला लावलंस, कण्णा. कोलूवर दरवर्षी एक तरी नवी बाहुली लागते, तर त्या वर्षी आमच्याकडे विमान येणार म्हणून तू गल्लीतल्या सगळ्या मामींना सांगून आलीस. आणि रोज अक्काच्या टेबलाशी उभी. झालं का, झालं का! ती मला म्हणाली, एक बाजू राहिली आहे रे, पण थांबले तर बाहेरचा रंग नवरात्राआधी वाळायचा नाही, पोरीची फजिती होईल. आणि विमानाची दोन्ही अर्धी चिकटवून टाकली."

"मला कधी बोलली नाही."

"कशी बोलेल? तुला खोबणी रंगवायला लावली होती ना. नंतर कितीदा तरी म्हणायची, पोरीला कळलं तर काय तोंड दाखवू?"

मी ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला, पण तोवर सगळ्यांनी पाहिला होता. अप्पांना मी भिंत रंगवल्याचं सांगितलं नाही. तू माझ्यासाठी जी एक जागा सोडली होतीस ती आता राहिलेली नाही, आणि रंग खरवडला तरी खालचं तुझं करडं परत यायचं नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. अप्पा उठून गेल्यावर मी टॉर्च घेऊन पुन्हा आत पाहिलं. माझ्या हिरव्या रंगाची कड सरळ आली आहे का, तेवढंच पाहिलं. सरळ आली होती, आणि मला बरं वाटलं.